मराठी वृत्तांचे अध्यापन : लगक्रमापासून पद्यरचनेपर्यंत

बीजशब्द : लघू, गुरू, गण, यती, आवर्तन, अक्षरगणवृत्त, मात्रावृत्त, अक्षरछंद, पठण.

प्रास्ताविक :

मराठी कवितेचा फार मोठा भाग छंदोबद्ध आहे. ज्ञानेश्वरांची ओवी, तुकारामांचा अभंग, रामदासांचे मनाचे श्लोक, मोरोपंतांची आर्या व केकावली, केशवसुतांची व माधव ज्युलियनांची कविता यांचे स्वरूप त्यांच्या छंदापासून वेगळे काढून दाखविता येत नाही. असे असूनही महाविद्यालयीन वर्गात वृत्त हा घटक प्रामुख्याने परीक्षेतील काही गुणांपुरता उरला आहे. ओळ दिली असता तिचे लघुगुरू मांडावयाचे, तीनतीन अक्षरांचे गण पाडावयाचे आणि वृत्ताचे नाव लिहावयाचे, एवढ्यावर हा अभ्यास संपतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा विद्यार्थीही वृत्ताकडे पाठांतराचा विषय म्हणूनच पाहतो.

या पद्धतीने शिकलेला विद्यार्थी बिनचूक गण पाडतो. परंतु तीच ओळ त्याला मोठ्याने वाचावयास सांगितली तर तो ती गद्याप्रमाणे वाचतो. एखादे अक्षर कमी करून ओळ मुद्दाम बिघडविली तर बिघाड कोठे झाला हे त्याला कानाने कळत नाही. म्हणजेच चिन्हे त्याच्या हाताला परिचित असतात, लय मात्र कानाला अपरिचित राहते. वृत्ताचे अध्यापन कानापासून सुरू होऊन चिन्हांकडे जावे आणि त्याची परिणती विद्यार्थ्याने स्वतः चार ओळी रचण्यात व्हावी, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात या घटकाच्या अध्यापनाचा विचार केला आहे.

मराठी छंदांचे तीन वर्ग :

विद्यार्थ्यांच्या मनात प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट होणे आवश्यक असते. पद्यात काय मोजले जाते, हे छंदाच्या प्रकारानुसार बदलते. अक्षरगणवृत्तात अक्षरांची संख्या आणि त्यांचा लघुगुरू क्रम हे दोन्ही ठरलेले असतात. भुजंगप्रयात, वसंततिलका, मालिनी, मंदाक्रांता, पृथ्वी, शार्दूलविक्रीडित ही वृत्ते या वर्गातील होत. मात्रावृत्तात, म्हणजे जातीत, अक्षरांची संख्या बदलू शकते; मात्रांची बेरीज व त्यांची आवर्तने स्थिर राहतात. अक्षरछंदात अक्षरसंख्येला महत्त्व असते, लघुगुरूंना नसते. ओवी आणि अभंग हे त्याचे परिचित नमुने होत. ओवीत ही संख्याही बरीच सैल असते आणि पहिल्या तीन चरणांचे यमक व आखूड चौथा चरण यांवरून ती ओळखू येते.

या वर्गीकरणाला शास्त्रीय बैठक देण्याचे मोठे कार्य माधव ज्युलियन अर्थात माधव त्र्यंबक पटवर्धन यांनी ‘छंदोरचना’ (१९३७) या ग्रंथात केले. मात्रावृत्तांतील आवर्तनांना त्यांनी वेगवेगळी नावे दिली; आठ मात्रांचे ते पद्मावर्तन आणि सहा मात्रांचे ते भृंगावर्तन. पुढे ना. ग. जोशी यांनी ‘मराठी छंदोरचना’ या ग्रंथातून लयीच्या अंगाने या विषयाची चर्चा केली. दोन्ही अभ्यासकांच्या विवेचनात लयीचा प्रश्न केंद्रस्थानी आहे. वर्गात मात्र या परंपरेतील कोष्टके तेवढी उतरली आणि लय मागे राहिली, असे म्हणावे लागते.

लघुगुरूंचे नियम आणि मराठीचा उच्चार :

ह्रस्व स्वराचे अक्षर लघू व दीर्घ स्वराचे अक्षर गुरू, हा मूळ नियम विद्यार्थ्यांना सहज समजतो. ए, ऐ, ओ, औ हे स्वर गुरूच मानले जातात. अनुस्वार किंवा विसर्ग असलेले अक्षर गुरू होते. उदाहरणार्थ, ‘संत’ या शब्दातील ‘सं’ व ‘दुःख’ या शब्दातील ‘दुः’. चरणाच्या शेवटचे लघू अक्षर आवश्यकतेनुसार गुरू मानता येते. येथवर अडचण येत नाही. खरी अडचण पुढील दोन ठिकाणी येते.

पहिली अडचण जोडाक्षराची. अनेक विद्यार्थी जोडाक्षरालाच गुरू समजतात. वस्तुतः जोडाक्षरामुळे त्याच्या आधीचे अक्षर गुरू होते, कारण जोडाक्षर उच्चारताना आघात मागील अक्षरावर येतो. ‘सत्य’ या शब्दात ‘स’ गुरू आहे व ‘त्य’ लघू. ‘स्वर’ या शब्दात दोन्ही अक्षरे लघू आहेत, कारण ‘स्व’च्या आधी अक्षरच नाही. परंतु मराठीत असेही अनेक शब्द आहेत की, ज्यांत जोडाक्षर असूनही मागील अक्षरावर आघात येत नाही. ‘तुझ्या’, ‘पुन्हा’, ‘दुसऱ्या’ हे शब्द मोठ्याने उच्चारून पाहावेत. ‘तुझ्या’मधील ‘तु’ लघूच राहतो. ‘पुन्हा’मधील ‘पु’ही लघूच. केवळ नियम पाठ केलेला विद्यार्थी येथे हमखास चुकतो; उच्चार करून पाहणारा चुकत नाही. लिपीकडे पाहून नव्हे तर उच्चार ऐकून निर्णय घ्यावयाचा, हे या एका उदाहरणावरून वर्गाला पटविता येते. जुन्या छपाईतील अनुच्चारित अनुस्वारांनाही हेच तत्त्व लागू पडते. पूर्वी ‘हंसणें’ असे लिहिले जाई. तेथील अनुस्वार उच्चारला जात नसल्याने पहिले अक्षर लघूच धरावे लागते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि तिच्याकडे वर्गात क्वचितच लक्ष दिले जाते. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ बोलताना लोपतो. आपण ‘झाड’ लिहितो, पण बोलतो ‘झाड्’. ‘कमळ’ लिहितो, पण बोलतो ‘क-मळ्’. अक्षरगणवृत्तात मात्र लिहिलेले प्रत्येक अक्षर मोजले जाते, आणि पारंपरिक पठणात त्यातील ‘अ’ पूर्ण उच्चारला जातो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या तोंडची बोली आणि वृत्ताची मोजणी यांत अंतर पडते. विद्यार्थ्याला लयीचे ज्ञान नाही, असा निष्कर्ष शिक्षक काढतात. प्रत्यक्षात त्याला पठणाचा हा संकेत कोणी सांगितलेलाच नसतो. संकेत एकदा सांगितला आणि दोन-चार श्लोक त्याप्रमाणे म्हणवून घेतले की पुष्कळशी अडचण दूर होते.

मात्रावृत्तात ही अडचण बऱ्याच अंशी आपोआप मिटते. ‘कमळ’ हा शब्द लिखित रूपात तीन लघूंचा, म्हणजे तीन मात्रांचा आहे. बोलताना ‘क’ची एक व ‘मळ्’ या बंद अक्षराची दोन, अशा तीनच मात्रा होतात. उच्चार बदलला तरी बेरीज बदलत नाही. मराठी कानाला जाती अधिक जवळच्या वाटतात, याचे एक कारण यात शोधता येईल. अध्यापनाचा क्रम ठरविताना या गोष्टीचा उपयोग करून घेता येतो.

गणांचे स्थान :

‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र गण लक्षात ठेवण्याचे सोयीचे साधन आहे. ज्या गणाचे नाव हवे त्या अक्षरापासून तीन अक्षरे घेतली की त्याचा लगक्रम मिळतो : ‘यमाता’ म्हणजे ल गा गा, ‘मातारा’ म्हणजे गा गा गा, ‘नसल’ म्हणजे ल ल ल. तथापि गण हे मोजण्याचे माप आहे, म्हणण्याचा विराम नव्हे. ही गोष्ट स्पष्ट न केल्यास विद्यार्थी प्रत्येक तिसऱ्या अक्षरावर थांबून ओळ वाचू लागतात आणि शब्दांचे तुकडे होतात. विराम कोठे घ्यावयाचा हे यती सांगते. मालिनीत आठव्या अक्षरानंतर, शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर, मंदाक्रांतेत चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर यती येते. म्हणून मंदाक्रांतेचे गण ‘म भ न त त ग ग’ असे सांगण्यापूर्वी तिचे चार, सहा आणि सात अक्षरांचे तीन तुकडे ऐकविणे इष्ट ठरते. पहिला तुकडा चार गुरूंचा, संथ. दुसरा पाच लघू व एका गुरूचा, धावता. तिसरा पुन्हा सावरलेला. हा चढउतार कानाने टिपल्यानंतर गण लक्षात ठेवणे ओझ्याचे वाटत नाही.

अध्यापनाचा क्रम :

वरील विवेचनाच्या आधारे अध्यापनाच्या चार पायऱ्या सुचविता येतात.

पहिली पायरी श्रवण व पठणाची. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी कोऱ्या कानाने येत नाही. मनाचे श्लोक त्याने शाळेत किंवा घरी ऐकलेले असतात; ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत. लग्नात मंगलाष्टके ऐकलेली असतात. ती बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात. वारी, हरिपाठ, भजन यांतून अभंग परिचित असतो, आणि ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थ्यांनी जात्यावरच्या ओव्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या असतात. वृत्त ही संस्कृतज्ञांची मिरास आहे, आपला तिच्याशी संबंध नाही, ही समज घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या कानात आधीपासूनच दोन-तीन छंद वसत आहेत, हे दाखवून देणे ही या घटकाची सर्वांत महत्त्वाची सुरुवात होय.

दुसरी पायरी टाळीची. लघूला एक व गुरूला दोन असे हाताने मोजत ओळ म्हणावयाची. येथे मात्रावृत्तापासून प्रारंभ करावा. उदाहरणासाठी पुढील दोन सराव-ओळी पाहाव्यात :

गावामधली शाळा अमुची
डोंगर उतरुन येती पोरे

पहिल्या ओळीत ‘गावामधली’ आठ मात्रा व ‘शाळा अमुची’ आठ मात्रा आहेत. दुसऱ्या ओळीत ‘डोंगर उतरुन’ आठ व ‘येती पोरे’ आठ. पहिल्या ओळीत अक्षरे दहा आहेत, दुसरीत अकरा. तरीही दोन्ही ओळी एकाच टाळीवर बसतात. अक्षरसंख्या आणि मात्रासंख्या यांतील भेद व्याख्येपेक्षा या दोन ओळींनी लवकर कळतो.

तिसरी पायरी चिन्हांची. कानाने पकडलेली लय आता कागदावर मांडावयाची. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चाल दोष झाकते. मंगलाष्टक गाताना लघू अक्षर लांबवून गुरूची जागा भरता येते. त्यामुळे गाताना नीट वाटलेली ओळ मोजल्यावर सदोष निघते. म्हणून केवळ कानावर विसंबूनही चालत नाही. कानाने ओळखावे व मोजणीने पडताळावे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. ओळ प्रथम चालीत, नंतर चाल सोडून केवळ लघुगुरू पाळत म्हणवून घेतली असता हे दोष उघडे पडतात.

चौथी पायरी रचनेची. ती बहुतेक वर्गांत गाळली जाते. कविता लिहिणे शिकविता येत नाही, असा आक्षेप येथे घेतला जातो. तो प्रतिभेपुरता मान्य करता येईल. पद्यरचना मात्र शिकविता येते, आणि ती केल्यावाचून वाचलेल्या कवितेतील कौशल्य कळत नाही.

एका ओळीची दुरुस्ती :

रचनेच्या पायरीवर काय घडते हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. भुजंगप्रयाताचा लगक्रम सर्वांत सोपा : ल गा गा हा यगण चार वेळा, एकूण बारा अक्षरे. नदीकाठच्या झाडाविषयी एक ओळ रचावयाची आहे, असे समजू. विद्यार्थ्याच्या लेखणीतून सहज उतरणारी ओळ अशी असू शकते :

नदीच्या काठी उभे झाड आहे

अक्षरे मोजली तर ती अकरा भरतात. ‘नदीच्या’ हा शब्द ल गा गा असा बरोबर आहे. त्यानंतर लघू हवा असताना ‘काठी’ हे दोन गुरू येतात. म्हणताना ‘काठी’च्या आधी खड्डा जाणवतो. हा खड्डा ज्याला ऐकू आला त्याला वृत्त कळू लागले. तो भरण्यासाठी विद्यार्थी बहुधा पुढील उपाय करतो :

नदीच्याच काठी उभे झाड आहे

आता बारा अक्षरे झाली, लगक्रमही जुळला : न-दी-च्या, च-का-ठी, उ-भे-झा, ड-आ-हे. वृत्ताच्या दृष्टीने ओळ निर्दोष आहे. परंतु ‘नदीच्याच’ म्हणताच अन्य कोणाच्या नव्हे तर नदीच्याच, असा अर्थ येतो, आणि तो येथे अभिप्रेत नाही. हे केवळ पादपूरण झाले. ‘च’, ‘ही’, ‘तो’, ‘जी’ अशी अक्षरे भरीला घालून चरण पुरा करण्याचा मोह येथेच ओळखता येतो. तिसरा प्रयत्न शब्द बदलून करता येतो :

नदीच्या किनारी उभे झाड आहे

‘काठी’ऐवजी ‘किनारी’ आले. ल गा गा पूर्ण झाले आणि अर्थ सरळ राहिला. याच ओळीवर पठणाचा संकेतही समजावता येतो. बोलण्याच्या ओघात ‘झाड्’ म्हटले तर ‘ड’ हे स्वतंत्र लघू अक्षर नाहीसे होते आणि चौथा गण मोडतो. वृत्तात मात्र ‘झा’ तिसऱ्या गणाचा शेवट आहे व ‘ड’ चौथ्या गणाचा प्रारंभ.

आता जोडीची दुसरी ओळ. ‘तिथे सावलीला थकूनी बसावे’ अशी ओळ सुचली तर लगक्रम बरोबर ठरतो. पण ‘थकून’ हा रोजचा शब्द वृत्तासाठी ‘थकूनी’ असा लांबविला आहे. अशी सवलत कवींनी पूर्वापार घेतली आहे आणि ती दोषास्पद नाही. तथापि प्रत्येक ओळीत ‘करूनी’, ‘तयाला’, ‘असे की’ अशी रूपे येऊ लागली तर विद्यार्थ्याची कविता शंभर वर्षांपूर्वीची वाटू लागते. म्हणून सवलत घेण्यापूर्वी चालू मराठीतील शब्द मिळतो का, हे पाहण्याची सवय लावावी :

नदीच्या किनारी उभे झाड आहे
तिथे सावलीला जरासे बसावे

या दोन ओळी श्रेष्ठ कविता आहेत असे नव्हे. परंतु त्या रचताना विद्यार्थी समानार्थी शब्दांची निवड, शब्दांचा क्रम, भरीचे शब्द, जुनी रूपे आणि उच्चार या पाच गोष्टींचा विचार करतो. एरव्ही याच गोष्टी पाच वेगवेगळ्या तासांना शिकवाव्या लागतात आणि तरीही त्या पुस्तकी राहतात. यानंतर मनाचे श्लोक वाचणाऱ्या विद्यार्थ्याला रामदासांनी दोनशे पाच श्लोक याच चौकटीत किती सहजतेने बसविले आहेत, याची जाणीव होते. आस्वादाला मिळालेला हा आधार केवळ समीक्षेच्या परिभाषेतून मिळत नाही.

अक्षरछंदाचा सराव याहून सोपा आहे. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा व चार अक्षरे असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. या लेखातील अध्यापनक्रमच त्या साच्यात असा मांडता येईल :

आधी कानी यावे । मग ते मोजावे ।
कागदी लिहावे । अखेरीस ॥

लघुगुरूंचे बंधन नसल्याने ज्यांना अक्षरगणवृत्ताची धास्ती वाटते त्यांनी रचनेचा श्रीगणेशा येथून करावा.

मुक्तछंद व गझल यांच्या संदर्भात :

आजची बहुसंख्य कविता मुक्तछंदात किंवा गद्याच्या वळणाने लिहिली जाते. मग वृत्त कशासाठी शिकावे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. मुक्तछंदाचा पुरस्कार करणारे कवी अनिल छंदोबद्ध रचनेशी पूर्ण परिचित होते. नवकवितेचे प्रवर्तक मर्ढेकर यांनी यंत्रयुगाचा अनुभव मांडताना ओवी, अभंग अशा जुन्या छंदांचा आश्रय घेतला. छंदाचे साचे माहीत असलेला कवीच ते कोठे मोडावयाचे हे जाणतो. ज्याला लय ऐकू येत नाही त्याने वृत्त सोडले असे म्हणता येणार नाही. त्याला ते कधी मिळालेच नव्हते.

दुसरी बाजू गझलेची. आजच्या अनेक तरुण विद्यार्थ्यांना वृत्ताची प्रथम ओळख गझलेमुळे होते. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांना गझलेचे तंत्र सोप्या भाषेत समजावून दिले. गझल लिहिणारा विद्यार्थी ‘लगागा लगागा लगागा लगागा’ अशी लगावली सहज सांगतो. पण हेच भुजंगप्रयात आहे आणि आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या जाणाऱ्या मनाच्या श्लोकांचेही हेच वृत्त आहे, हे त्याला ठाऊक नसते. वर्गात हा दुवा जोडून दिला तर संतकाव्य, पंडिती काव्य व आजची गझल यांच्यामधील अंतर एका तासात कमी होते.

मूल्यमापन :

अध्यापन बदलले तरी प्रश्नपत्रिका तीच राहिली तर विद्यार्थी पुन्हा पाठांतराकडे वळतील. म्हणून अंतर्गत मूल्यमापनात तीन छोट्या कृतींचा समावेश करता येईल. एक, अपरिचित श्लोकाचे यती सांभाळून पठण. दोन, मुद्दाम बिघडविलेली ओळ ऐकून किंवा वाचून दोष दाखविणे व दुरुस्त करणे. तीन, दिलेल्या विषयावर एका परिचित वृत्तात दोन ते चार ओळींची रचना व त्यासोबत प्रत्येक दुरुस्तीचे कारण सांगणारी टीप. या तिसऱ्या कृतीत गुण काव्यगुणांना नव्हे, तर दुरुस्तीच्या विचाराला द्यावेत. पहिला खर्डा खोडून न टाकता तसाच जोडावयास सांगितल्यास विद्यार्थ्याने कोणती वाट चोखाळली ते शिक्षकाला दिसते.

समारोप :

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. जुने साहित्य असणे हा या दर्जाचा एक आधार होय. परंतु ते साहित्य मोठ्याने वाचू शकणारी पिढी नसेल तर ते कपाटातच राहील. छंदोबद्ध कविता मुळात कानांसाठी रचलेली आहे. तिचे गण पाडता आले आणि ती म्हणता आली नाही, तर विद्यार्थ्याच्या हाती सांगाडा येतो, स्वर येत नाही. हा धोका टाळण्यासाठी नवा अभ्यासक्रम किंवा खर्चीक साधने लागत नाहीत. शिक्षकाने पहिल्या तासाला फळ्यावर कोष्टक लिहिण्यापूर्वी एक श्लोक स्वतः म्हणावा, विद्यार्थ्यांना तो म्हणावयास लावावा आणि घटक संपण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक तरी निर्दोष ओळ लिहून घ्यावी. आपल्या भाषेतील बारा अक्षरे स्वतःच्या हाताने ओळीत बसविलेला विद्यार्थी जुन्या कवितेकडे पुन्हा परक्या नजरेने पाहत नाही. आणि वृत्ताच्या अध्यापनाचे खरे फलित हेच होय.